शंका-समाधान : दुधाचा पंप घेण्याआधी

अंगावरच्या दुधाविषयी या सदरात मागे लिहिलं, तेव्हापासून कुर्डुवाडी आणि माढा तालुक्यातून पत्रं येत आहेत. त्यातली बरीचशी दूध काढायच्या पंपाबद्दल आहेत आणि ती बाळ जन्मायच्या आधीच लिहिलेली आहेत. आधीपासून तयारी करावीशी वाटते, हे फार चांगलं आहे. मात्र ती तयारी म्हणजे नेमकं काय आणि पैसे कशात घालायचे, हे नीट सांगायला हवं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात नोकरीला आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून आठव्या महिन्यात ती माहेरी कुर्डुवाडीला येईल. तिने आत्ताच यादी पाठवली आहे : विजेवरचा पंप, सहा बाटल्या, दूध साठवायच्या पिशव्या, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, त्या वाळवायचा स्टँड. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, बाळ येण्याआधी घरात काही आणायचं नाही. मी कोणाचं ऐकू? (होणारी आजी, कुर्डुवाडी)

उत्तर : ताई, दोघींचंही मन राखता येईल. बाळ पूर्ण दिवसांचं असेल, आईच्या कुशीत असेल आणि नीट ओढत असेल, तर पहिले तीन-चार आठवडे या यादीतलं काहीही लागत नाही. उलट पहिल्याच आठवड्यात पंप लावायची घाई केली तर त्रास होतो. बाळ जेवढं पितं तेवढं दूध शरीर पुन्हा तयार करतं. पंपाने रोज जादा काढलं की गरजेपेक्षा जास्त दूध उतरायला लागतं, छाती ठणकते, गाठी होतात, कधी कधी तापही येतो. बाळंतीण घाबरते आणि मोकळं वाटावं म्हणून पुन्हा पंप लावते.

शिवाय पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट, थेंबाथेंबाने येणारा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम 2 ते 10 मिली घेतं आणि तेवढंच त्याला पुरतं. एवढासा चीक पंपाने काढायला गेलात तर निम्मा फनेलला आणि झडपेला चिकटून जातो. बाटलीच्या तळाशी काही दिसत नाही, मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच नाही.’ पावडरच्या डब्याची सुरुवात कितीतरी घरांत या एका वाक्याने होते. तुमच्या घरात ते कोणी उच्चारणार नाही, ही जबाबदारी तुम्ही घ्या. चीक पिळून टाकायचा नाही. त्याआधी मध, गुळाचं पाणी, गुटी यांतलं काहीही बाळाला चाटवायचं नाही. मध तर वर्षभर नाहीच. त्यातून लहान बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

आता तयारीचं. तिच्यासाठी एक जागा ठरवा, जिथे पाहुणे येऊन बसणार नाहीत. पाठ टेकता येईल अशी खुर्ची किंवा भिंतीला लागून गादी, दोन उशा, हाताशी पाण्याचा तांब्या. स्वयंपाकघरातून झाकणाच्या दोन छोट्या स्टीलच्या वाट्या, एक गुळगुळीत काठाचा चमचा, एक चिमटा आणि या कामालाच ठेवायचं एक झाकणाचं पातेलं बाजूला काढा. पाच मिनिटं खळखळ उकळलं की वाटी-चमचा निर्जंतुक होतो, त्यासाठी वेगळं यंत्र नको. हे सगळं तुमच्या घरात आहे. नवं काही आणायचं नाही, त्यामुळे विहीणबाईंचा नियमही मोडत नाही.

मुलीला पंपाऐवजी हाताने दूध काढायची पद्धत माहीत करून घ्यायला सांगा. ती पुढच्या एका उत्तरात सविस्तर दिली आहे. मात्र गरोदरपणात सराव म्हणून पंप लावून बघू नये. स्तनाग्र ओढलं गेलं की गर्भाशय आकुंचन पावू शकतं. मधुमेहासारख्या कारणाने एखाद्या आईला 37व्या आठवड्यानंतर थोडा चीक हाताने काढून ठेवायला डॉक्टर सांगतात, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

आठव्या महिन्यात ती आली की जिथे नाव घातलं आहे तिथे तिच्याबरोबर जा आणि दोन गोष्टी सरळ विचारा. पहिल्या तासात बाळ छातीशी द्याल ना, सिझेरियन झालं तरी? आणि आम्हाला न विचारता पावडरचं दूध देणार नाही ना? हे प्रश्न बाळंतपणाच्या रात्री सुचत नाहीत, सुचले तरी विचारायचं बळ नसतं. आशाताईंना आधीच कळवून ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ बघायचं असतं. दूध पुरतंय की नाही हे छाती दाबून कळत नाही, बाळाच्या लंगोटावरून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर लघवी झाली आणि पहिल्या आठवड्यात थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर आलं, की दूध पुरेसं आहे.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर करा. बाळंतिणीला बळ येतं. दूध वाढतं ते मात्र दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजल्याने.

पंपाची खरी गरज तिला कामावर परत जाताना पडेल. 2017 सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. म्हणजे बहुतेक रजा बाळंतपणानंतर घेतली तर ती संपेपर्यंत बाळ सहा महिन्यांचं होत आलेलं असेल, पेज आणि मऊ वरण-भात सुरू व्हायची वेळ आलेली असेल. पंप कोणता हे तेव्हा, कामाच्या वेळा बघून ठरवावं. आधीच घेतलेला महागडा पंप वर्षभर खोक्यात पडून राहिलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

प्रश्न : मी रेल्वेत नोकरीला आहे. पत्नीला नववा महिना लागला. माझ्या वहिनीने तिचा विजेवरचा पंप देऊ केला आहे, दोन वर्षं वापरलेला. मेडिकलमध्ये रबरी फुग्याचा स्वस्त पंपही मिळतो. कोणता घ्यावा? (कुर्डुवाडी)

उत्तर : रबरी फुग्याचा घेऊ नका. फुगा दाबून सोडला की दूध त्या फुग्यात शिरतं. आतून ब्रश फिरत नाही, वाळत नाही आणि दूध कुजतं. ओढही हाताच्या जोरावर कमीजास्त होते, त्यामुळे स्तनाग्राला इजा होते. हा प्रकार आता दुकानात नसावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहिनींच्या पंपाबद्दल एक तपासा. घरगुती पंप बहुतेक एकाच बाईच्या वापरासाठी बनवलेले असतात आणि अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही ते दुसरीने वापरू नयेत असं सांगतं. त्याचं कारण मोटरमध्ये आहे. काही पंपांत दूध आणि मोटर यांच्यामध्ये रबरी पडदा असतो, दूध मागे जाऊच शकत नाही. काहींमध्ये तशी आडकाठी नसते. नळीतून दुधाचा ओलावा आत जातो, तिथे बुरशी धरते आणि मोटर उघडून धुता येत नाही. नळी उजेडात धरून बघा. आत काळे ठिपके किंवा ओल दिसली तर पंप टाकून द्या. दुधाला मागे जायला वाट नाही हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच पुढचा विचार करा. तेव्हाही फनेल, झडपा, पडदा, नळ्या आणि बाटल्या नव्या घ्याव्या लागतील. या सगळ्याचा खर्च नव्या साध्या हातपंपाच्या किमतीला येऊन भिडतो. दोन वर्षं चाललेल्या मोटरची ओढ कमी झालेली असते ते वेगळंच. मग बाईला वाटतं, आपलंच दूध आटलं.

नवा घ्यायचा झाला तर फनेलच्या मापाकडे आधी बघा. दुकानातल्या पंपाबरोबर बहुधा 24 मिलिमीटरचं फनेल येतं आणि ते सगळ्यांना बसत नाही. स्तनाग्राची रुंदी मोजपट्टीने मोजायची, भोवतालचं काळं वर्तुळ धरायचं नाही. फनेलची नळी त्याहून किंचितच मोठी हवी. पंप चालू असताना स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढेमागे झालं पाहिजे. कडेला घासत असेल, पांढरं पडत असेल, किंवा काळं वर्तुळही आत ओढलं जात असेल, तर माप चुकलं. दुखतंय तरी ओढ वाढवत राहिलं की जास्त दूध येतं, ही समजूतही काढून टाका. सुखाने सोसवेल तेवढीच ओढ ठेवायची. दुखलं की पान्हा आखडतो.

पंप बाळंतपणाआधी घरात असलाच पाहिजे असं नाही. पत्नीचं आणि बाळाचं कसं जमतंय ते आधी बघा. पाजताना स्तनाग्राला भेगा पडत असतील तर पंपाकडे वळण्याआधी बाळाने तोंडात स्तन कसा धरला आहे हे जाणकाराला दाखवा. नव्वद टक्के काळं वर्तुळ वगैरे आकडे कोणी सांगतील, त्यांच्यात अडकू नका. बाळाचा आ मोठा उघडलेला, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी छातीला टेकलेली असली की पुष्कळ प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न : मी सोलापूरला बँकेत आहे. सकाळच्या गाडीने जाते, घरी यायला संध्याकाळ होते. बाळंतपण डिसेंबरात आहे, म्हणजे रजा संपेल तेव्हा उन्हाळा सरत आलेला असेल. घरात एकदारी फ्रिज आहे, लाइट जाते. सासूबाई बाळ सांभाळतील. दूध कसं ठेवायचं आणि आधीपासून काय जमवू? (कुर्डुवाडी)

उत्तर : तुम्ही उन्हाळ्याचा विचार केलात हे फार बरं झालं. दूध ठेवायचे आंतरराष्ट्रीय नियम 25 अंशांच्या खोलीचे आहेत. तशा खोलीत काढलेलं दूध 4 तास चालतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. म्हणून मी आपल्या भागातल्या आयांना सांगते की, उन्हाळ्यात काढलेलं दूध एकतर लगेच पाजा, नाहीतर तासाच्या आत फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवा.

फ्रिजमध्ये ते 4 दिवस राहतं. दारात ठेवायचं नाही, मागच्या बाजूला ठेवायचं, कारण दार सारखं उघडतं. एकदारी फ्रिजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. महिनोन् महिने साठवायला वेगळ्या दाराचा फ्रीझर लागतो. लाइट गेली की फ्रिज उघडू नका. दार बंद राहिलं तर सुमारे 4 तास गारवा टिकतो. गोठवलेलं दूध पूर्ण विरघळलं की पुन्हा गोठवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं.

किती दूध लागेल? आई नसताना बाळाला तासाला साधारण 30 ते 45 मिली धरा. दहा तासांचे झाले 300 ते 450 मिली. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की त्याहून कमी. म्हणजे फ्रीझर भरून साठा करायची गरज नाही. पहिल्या दिवसाचं दूध आणि अडीअडचणीला एका दिवसाचं जास्तीचं, एवढं घरात असलं की पुरे. त्यानंतर सोमवारी बँकेत काढलेलं मंगळवारी बाळाला, मंगळवारचं बुधवारी, असं चक्र चालतं. कामावर रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर रोज एकदा काढायला लागा. त्या वेळी बहुतेक आयांना दूध जास्त असतं. बाळाला पाजून झाल्यावर 30 ते 60 मिली निघालं तरी ते अगदी ठीक आहे. मैत्रिणीच्या भरलेल्या बाटलीशी तुलना करू नका.

तुमच्यासाठी दोन्ही बाजूंनी एकदम चालणारा पंप घेणं योग्य ठरेल, कारण तुमचा वेळ निम्म्याने वाचेल. तो बॅटरीवर चालणारा हवा. फनेल-झडपांचे दोन संच ठेवा. एक वापरलेला, एक धुतलेला, दोन्ही वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत. बँकेत दर तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं लागतील. शाखाधिकाऱ्यांशी रजेवर जायच्या आधीच बोला. कडी लागेल अशी खोली मागा, रेकॉर्ड ठेवायची खोलीही चालेल. स्वच्छतागृहात दूध काढायला कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन जादा विश्रांती मिळाव्यात, ही तरतूद 1961च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आली आहे. बाळ जवळ नसेल तर त्याच वेळात दूध काढता यावं, अशी मागणी करायला संकोच वाटू देऊ नका. एसटीने जात असाल तर मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. ते कुलूपबंद दिसले तर चौकशी खिडकीवर जाऊन उघडायला लावा. वापरलेच नाहीत तर त्यांची अडगळीची खोली होते.

परतीच्या गाडीसाठी आतून जाड अस्तराची पिशवी आणि रात्रभर गोठवलेले जेलचे पॅक घ्या. पॅक बाटल्यांना चिकटून असले तर दूध चोवीस तासांपर्यंत गार राहतं. कुर्डुवाडी ते सोलापूर सुमारे 80 किलोमीटर. गाडी रखडली तरी काळजी नाही. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची सवय लावा. एका बाटलीत 60 ते 90 मिलीच ठेवा, म्हणजे उरलेलं फेकावं लागत नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दूध दोन तासांनंतर वापरायचं नाही.

सासूबाईंना मात्र तुम्ही रजेवर असतानाच हे शिकवा, पहिल्या दिवशी दाराशी उभं राहून नव्हे. साय वर येऊन खाली निळसर पाणी दिसलं तर दूध नासलेलं नाही, आईचं दूध तसंच दिसतं. हलकेच गोल फिरवलं की एकजीव होतं. ते गॅसवर तापवायचं नाही, उकळायचं तर अजिबात नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची, मग दूध वाटीत घ्यायचं. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, वाटीचा काठ खालच्या ओठाला टेकवायचा आणि दूध ओठाशी आणून थांबायचं. बाळ जिभेने स्वतः ओढून घेतं. तोंडात ओतलं तर ठसका लागतो. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल तर तेही चालेल, पण त्याची चोच बारीक ब्रशने घासून मग उकळायची. बाटलीपेक्षा वाटी बरी असं मी सांगते, कारण ती सहज स्वच्छ होते आणि संध्याकाळी तुम्ही आलात की बाळ अंगावर प्यायला कुरकुरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. बहिणीच्या पंपाचे भाग उकळले की पांढरा थर बसतो. तो बाळाला अपाय करेल का? (माढा)

उत्तर : थर क्षारांचा आहे, बाळाला अपाय नाही. पण झडप आणि पडदा कडक होतात, नीट मिटत नाहीत आणि पंपाची ओढ जाते. उकळायला फिल्टरचं पाणी घ्या. थर बसलाच तर थोडं पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भाग बुडवून ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. झडपा अधूनमधून बदलाव्याच लागतात, म्हणून घेतानाच जास्तीची एक जोडी मागून घ्या.

प्रत्येक वापरानंतर दुधाला लागलेले सगळे भाग सुटे करून साबणाच्या पाण्याने धुवायचे. ते भांड्याच्या मोरीत नको, त्यासाठी वेगळं छोटं टोपलं आणि वेगळा ब्रश ठेवा. ओट्यावरच्या फडक्याने पुसू नका. स्वच्छ कापडावर उपडे ठेवून वाऱ्यावर वाळू द्या, वरून पातळ मलमल टाका, म्हणजे माश्या बसणार नाहीत. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी दिवसांचं असेल तर रोज एकदा उकळायचं. मोटर आणि नळ्या उकळायच्या नाहीत.

प्रश्न : मला जुळं आहे. बाळंतपण लवकर होईल आणि बाळांना सोलापूरला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, अशी शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे. तुम्ही म्हणता आधी पंप घेऊ नका. मीही थांबू का? (कुर्डुवाडी परिसर)

उत्तर : नाही, तुम्ही थांबू नका. वर जे लिहिलं ते बाळ आईजवळ असणाऱ्यांसाठी. तुमच्या बाबतीत दूध काढण्याची तयारी बाळंतपणाच्या पिशवीतच हवी.

कमी दिवसांच्या बाळाला आईचं दूध हे औषधाइतकंच महत्त्वाचं असतं. त्याच्या कोवळ्या आतड्याला होणारा एक गंभीर आजार आईच्या दुधाने पुष्कळ टळतो. ते बाळ अजून ओढू शकत नाही, म्हणून छातीला मागणी आपण निर्माण करायची. बाळंतपणानंतर शक्यतो पहिल्या तासात, फार तर सहा तासांच्या आत, दूध काढायला सुरुवात करायची. मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यात रात्री एकदा तरी. पहिले दोन दिवस थेंबच येतील. ते थेंबच बाळांना हवे आहेत.

या पहिल्या दिवसांत दूध हाताने काढायचं. हात साबणाने धुवा. छातीला गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं लावा, हलक्या हाताने चोळा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटीमीटर मागे, काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवा. आधी सरळ मागे बरगडीकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरता कामा नयेत, स्तनाग्र पिळायचं नाही, दुखता कामा नये. पहिला मिनिटभर काहीच येणार नाही, थांबू नका. मग एक पिवळा थेंब टोकाशी येऊन अडेल. तो नर्सताईंनी किंवा तुमच्या आईने 2 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने तिथूनच टिपून घ्यायचा. थेंब येईनासे झाले की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या बाजूने. मग दुसरा स्तन, मग पुन्हा पहिला.

पिशवीत अशा काही सिरिंज, उकळलेल्या झाकणाच्या वाट्या, नावाच्या चिठ्ठ्या, पेन, जेलचे पॅक आणि जाड अस्तराची पिशवी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं की दोन्ही बाजूंचा विजेवरचा पंप उपयोगी पडेल. नवजात विभागात रुग्णालयाचा मोठा पंप असतो का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी आयांना तो वापरू देतात. तुम्ही कुर्डुवाडीत आणि बाळं सोलापुरात, अशी वेळ आली तर यजमानांनी रोज बर्फात दूध पोचवायचं. तिथे पोचल्यावर कोणाच्या हातात द्यायचं आणि चिठ्ठीवर काय लिहायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर वर्षभरापर्यंत मोफत उपचार आहेत, ने-आणीला 102 ची गाडी आहे. डॉक्टर परवानगी देतील त्या क्षणापासून बाळांना उघड्या छातीशी धरून बसा. त्याने बाळाची ऊब टिकते आणि दूधही वाढतं.

आणि दूध कमी पडलं तर? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून ते अशा बाळांना दिलं जातं. पुण्यात ससूनमध्येही दुग्धपेढी आहे. तुमची बाळं जिथे असतील तिथल्या डॉक्टरांना विचारा, पावडरच्या आधी हे दूध मिळू शकतं का. शेजारणीचं कच्चं दूध मात्र स्वतःहून देऊ नका.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आठवा-नववा महिना लागलेल्या बायाही असतात. बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या फडात जातात, बाळ कोपीत थोरल्या मुलीजवळ असतं. त्यांना पंप कुठून आणू? (माढा तालुका)

उत्तर : ताई, या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. त्यांना पंप देऊ नका, कोणी देणगी म्हणून दिले तरी. धुवायला पुरेसं पाणी नाही, उकळायला सरपण मोजकं, वाळवायला जागा नाही. अशा ठिकाणी अस्वच्छ पंप आणि बाटली बाळाला हगवणीने मारू शकते.

त्यांच्यासाठी हात आणि वाटी. वर जुळ्यांच्या आईला सांगितलेली पद्धत तुम्ही त्यांना आठव्या महिन्यातच दाखवा, कपड्यावरून का होईना, बोटं कुठे ठेवायची ते. दोन स्टीलच्या वाट्या झाकणासकट. पहाटे फडात जाण्याआधी आईने बाळाला दोन्ही बाजूंनी पाजावं, मग एक वाटी दूध काढावं. चहाच्या पाण्याबरोबर वाटी-चमचा उकळून निघतो, वेगळं सरपण लागत नाही. थंडीत हे दूध झाकून, सावलीत, 4 तासांपर्यंत चालेल. उन्हं तापू लागली की त्याहून लवकर पाजायचं. थोरल्या मुलीला वाटीने पाजायला तुम्ही स्वतः समोर बसून शिकवा. ती आठ-नऊ वर्षांची असते. तिला दोन वाक्यांत सांगा : ओतू नकोस, ओठाला लावून थांब. उरलेलं टाकून दे.

उन्हातून आल्यावर आईचं दूध तापलेलं असतं, म्हणून पहिलं दूध पिळून टाकायचं, असं टोळ्यांत मानतात. दूध असं तापत नाही. आईने हात-छाती धुवावी, पाणी प्यावं आणि लगेच पाजावं. फडात छाती भरून आली तर तिथेच दोन मिनिटं हाताने मोकळी करावी, नाहीतर गाठी होऊन ताप भरतो आणि हातातलं काम जातं.

पण खरा उपाय दूध काढण्यात नाही, बाळ जवळ आणण्यात आहे. तो तुमच्या एकटीच्या हातात नाही, म्हणून इथे इतरांना सांगते. ज्यांच्या रानात तोड चालू आहे त्या शेतकऱ्यांनी बांधावरच्या झाडाला एक झोळी बांधू द्यावी, पिण्याच्या पाण्याचा एक हंडा तिथे ठेवावा. मुकादमांनी बाळंतिणीला दर दोन-तीन तासांनी पाजायला सोडावं आणि तेवढ्यासाठी कोयत्याचा हिशोब कापू नये. कारखान्यांच्या शेतकी विभागांनी टोळीची नोंद घेताना गरोदर आणि पाजत्या आया किती, हे आशाताईंना कळवावं. या हंगामात एवढं करा.